दुर्बिणीला डोळा लावण्याआधी: अवजड यंत्रं आणि वाहत्या रस्त्यावर काम करणाऱ्या नव्या सर्व्हेअरसाठी

मोजणीचं काम तुमची नजर मागतं. यंत्र समपातळीत आहे हे दाखवणारा बबल मध्यावर आणताना, दुर्बिणीतून प्रिझम (मोजायच्या बिंदूवर धरलेला परावर्तक) शोधताना, कंट्रोलरवरचा बाण बघत खुंटीची जागा गाठताना, वाकून खिळा ठोकताना तुमचे डोळे तळहाताएवढ्या जागेत अडकलेले असतात. साइटवरच्या बाकी लोकांचंही लक्ष कामातच असतं, पण त्यांची जागा ठरलेली असते आणि भोवती बहुतेक वेळा बॅरिकेड असतं. आपण मात्र सगळीकडे फिरतो. जिथे यंत्र अजून पोचायचंय तिथे आपण आधी जातो, आणि ते काम करून पुढे सरकलं की मागोमाग लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, तपासायला पुन्हा तिथेच. रस्त्याच्या कामात तर रहदारी वळवणारे शंकूसारखे कोन आणि फलक लागायच्या कितीतरी आधी पहिला माणूस उतरतो तो सर्व्हेअर.

हे आकड्यांत बघा. टोटल स्टेशनची, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राची, दुर्बीण साधारण ३० पट मोठं दाखवते आणि तिचं दृष्टिक्षेत्र दीड अंशाच्या आसपास असतं. म्हणजे १०० मीटरवर तुम्हाला जेमतेम २.६ मीटर रुंदीचा एक गोल दिसतो. त्याच्या बाहेरचं सगळं जग तेवढ्यापुरतं बंद. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. तुम्ही पाच सेकंद डोळा लावलात, तेवढ्यात ती ११० मीटर जवळ आलेली असते.

म्हणून मी नव्या मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: नजर कामात जाण्याआधी जागा सुरक्षित झालेली असली पाहिजे. नजर गेल्यावर काही करता येत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: टेबलावर बसून विचारा, तिथे उभं राहायलाच हवं का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला तीच सगळ्यात मोलाची वाटते, कारण जो माणूस रस्त्यात उतरलाच नाही त्याला गाडी धडकत नाही.

नकाशा समोर घ्या आणि मोजायच्या प्रत्येक बिंदूपुढे लिहा, हा लांबून घेता येईल का. प्रिझमशिवाय अंतर मोजणारं यंत्र हाताशी असेल तर दुभाजकाचा कठडा, दिव्याचे खांब, पुलाच्या तुळया, समोरच्या भिंतीचे कोपरे हे सगळं रस्त्याबाहेर उभं राहून घेता येतं. रोव्हर (पोलवरचा जीपीएस रिसीव्हर) असेल तर ऑफसेट पद्धत वापरा, म्हणजे बाजूच्या जागेवर उभं राहून तिथून बिंदूपर्यंतचं अंतर आणि दिशा द्या. खोदकामाचं आणि ढिगाऱ्यांचं आकारमान काढायचं असेल तर ड्रोन किंवा स्कॅनर, म्हणजे डंपरच्या मधे प्रिझम घेऊन धावायची वेळच येत नाही. प्रिझमशिवायच्या मोजणीला मर्यादा आहेत, त्या माहीत असू द्या. डांबरावर किरण फार तिरका पडला की नेमका बिंदू सापडत नाही आणि ओल्या काळ्या डांबरावरून परत येणारा सिग्नल क्षीण असतो. मधून गाडी गेली तर यंत्र त्या गाडीचंच अंतर देऊन मोकळं होतं. त्यामुळे रहदारीत खंड पडला की रीडिंग घ्या, प्रत्येक महत्त्वाचा बिंदू दोनदा घ्या, आणि दिसणारा लाल लेझर चालकांच्या डोळ्यांच्या उंचीवर फिरू देऊ नका.

यंत्र कुठे लावायचं यातही बरंच काही आपल्या हातात असतं. ज्ञात, म्हणजे जागा आधीच मोजलेल्या, बिंदूवरच ट्रायपॉड लावायला हवा ही सवय सोडा. दोन-तीन ज्ञात बिंदूंकडे निरीक्षण घेऊन स्वतःची जागा काढणारी रिसेक्शन पद्धत आता जवळजवळ प्रत्येक टोटल स्टेशनमध्ये असते. तिच्यामुळे तुम्ही कठड्यामागे, उंचवट्यावर, यंत्रांच्या वाटेपासून दूर, कुठेही उभे राहू शकता. फक्त त्या बिंदूंमधले कोन फार लहान असू नयेत, नाहीतर जागा सुरक्षित आणि निकाल कच्चा.

आणि असे ज्ञात बिंदू, म्हणजे कंट्रोल पॉइंट, स्वतः ठेवत असाल तर पुढे तिथे कोण उभं राहणार याचा विचार करा. रस्त्याच्या मध्यरेषेवर खिळा मारणं सोपं असतं, दृश्यरेषाही छान मिळते. पण काम संपेपर्यंत दर वेळी कुणालातरी त्या खिळ्यावर प्रिझम धरून उभं राहावं लागतं. तुम्ही पाच मिनिटांत मारलेला खिळा दुसऱ्या कुणाला तरी शंभर वेळा रस्त्यात उभं करतो.

वेळही इथेच ठरवा. रहदारी कमी असणारे तास निवडा. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा तास टाळा. त्या वेळी समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत ऊन असतं. काचेवर धूळ असेल तर त्याला समोरची पांढरी चकाकी सोडून काही दिसत नाही, तुमचं जॅकेट कितीही भडक असलं तरी.

पायरी २: दिसाल असे कपडे घाला

हेल्मेट, पुढे पोलाद असलेले बूट, डोळ्यांचा चष्मा हे साइटवर सांगतातच. जॅकेटबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण लोक ते गणवेशासारखं अडकवतात आणि विसरतात.

जॅकेटचे दोन भाग दोन वेगळी कामं करतात. फ्लुरोसंट कापड उन्हातली अतिनील किरणं शोषून ती दिसणाऱ्या प्रकाशात बदलतं, म्हणून ते दिवसा, ढगाळ हवेत आणि संधिप्रकाशात उठून दिसतं. रात्री त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. रात्री काम करतात त्या चंदेरी पट्ट्या, ज्या हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा कपड्यांचे तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाला किमान ०.५० चौरस मीटर फ्लुरोसंट कापड लागतं, तिसऱ्याला ०.८०. वेगवान रस्त्यावर किंवा रात्री तिसरा वर्गच घ्या. त्यात हातांवर किंवा पायांवरही पट्ट्या येतात, आणि हलणारे हातपाय दिसले की चालकाला हा माणूस आहे हे लवकर कळतं. नुसती छातीवरची पट्टी लांबून एखाद्या खांबावरच्या रिफ्लेक्टरसारखी वाटू शकते.

मागच्या बाजूचं काय? टोटल स्टेशनची पेटी पाठीला लावली की पाठीवरच्या सगळ्या पट्ट्या झाकल्या जातात. नेमकं चालत जाताना, गाड्या मागून येत असताना तुम्ही मागून अदृश्य होता. पेटीवर वेगळी पट्टी शिवून घ्या. रंगाकडेही बघा: हिरव्या झाडीसमोर हिरवट-पिवळा रंग विरतो, केशरी कोन आणि केशरी यंत्रांच्या गर्दीत केशरी. उन्हाने विटलेलं, चिखलाने माखलेलं जॅकेट बदलून मागायला लाजू नका. आणि चेन लावा, उघडं फडफडणारं टोक कशातही अडकतं.

कानात इअरफोन नकोत, एकाही कानात.

पायरी ३: पहिली दहा मिनिटं रिकाम्या हाताने फिरा

पोचल्यावर गाडी अशी लावा की निघताना रिव्हर्स घ्यावा लागणार नाही. सामान गाडीतच राहू द्या. आधी फोरमनला किंवा साइट इंजिनिअरला भेटा, आपण आलोय, कुठे आणि किती वेळ काम करणार हे सांगा. वॉकीटॉकीचं चॅनेल विचारा आणि एकदा बोलून बघा. नुसतं नंबर विचारून खिशात टाकलेल्या वॉकीटॉकीची बॅटरी संपलेली असते हे ऐन वेळी कळतं.

मग रिकाम्या हाताने पूर्ण जागा फिरून या. हातात पोल नसला की मान वर राहते. बघायचं काय? डंपर कुठून आत येतात, कुठे वळतात, कुठे उलटे जातात. पोकलेन कुठल्या बाजूला बकेट रिकामी करतोय. डोक्यावरून वीजवाहिन्या कुठे जातात. चर, खड्डे, उघडी चेंबर. भरावाच्या कडा. आणि प्रत्येक सेटअपच्या जागेवर उभं राहून स्वतःला विचारा, आत्ता काही माझ्या अंगावर आलं तर मी कुठे पळणार? उत्तर एका दमात आलं नाही तर ती जागा बदला. मागे भिंत, डावीकडे चर आणि समोर रस्ता अशा जागेत बिंदू कितीही सोयीचा असला तरी ट्रायपॉड लावायचा नाही.

कालची ओळख आज गृहीत धरू नका. साइटवरच्या वाटा रोज बदलतात.

पायरी ४: यंत्राच्या जवळ जाणं

नव्या माणसाची समजूत अशी असते की यंत्र मोठं आहे, म्हणजे ते मला दिसतंय, म्हणजे मीही त्याला दिसतोय. हे साफ चुकीचं आहे.

पोकलेन घ्या. ऑपरेटर डावीकडच्या केबिनमध्ये बसतो, बूम त्याच्या उजवीकडे असतो, त्यामुळे उजव्या बाजूचा मोठा भाग त्याला दिसत नाही. मागची बाजू काउंटरवेटने झाकलेली. २० टन वर्गाच्या यंत्राची बकेट साधारण १० मीटरपर्यंत पोचते आणि वरचा सांगाडा अर्धी फेरी तीनेक सेकंदांत घेतो. बकेटपासून लोक लांब राहतात, ती डोळ्यांना दिसते. माणसं चिरडतात ती मागच्या काउंटरवेट आणि भिंत, ढिगारा किंवा उभी गाडी यांच्या फटीत. यंत्र हललेलंच नसतं, फक्त वळलेलं असतं. तिथून ‘पटकन पलीकडे’ जायचा मोह एकदाही होऊ देऊ नका.

लोडरमध्ये वेगळा धोका असतो. तो मधोमध सांध्यावर मोडून वळतो, आणि त्या सांध्यापाशी उभा राहिलेला माणूस पुढच्या-मागच्या चाकांमध्ये दाबला जातो. मोठ्या डंपरच्या तर अगदी नाकासमोर उभा माणूस ऑपरेटरला दिसत नाही, तुम्हाला त्याची केबिन वर दिसत असली तरी. आणि रोलर. रोलरबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. भरावाच्या थरावर लेव्हल तपासत होतो. रोलर माझ्यापासून लांब जात होता, म्हणून मी निर्धास्तपणे गुडघा टेकून खुंटीवर मार्करने आकडा लिहायला बसलो. रोलर पट्ट्याच्या टोकाला पोचला आणि वळण न घेता तसाच उलटा आला. त्याचं काम तेच असतं, पुढे आणि मागे, दोन्ही दिशा त्याला सारख्या. व्हायब्रेटर चालू होता, जमीन आधीपासूनच थरथरत होती, त्यामुळे थरथर वाढतेय हे मला कळलंच नाही. रिव्हर्सचा बीप वाजत होता, पण साइटवर सकाळपासून दहा बीप वाजत होते आणि माझ्या कानांनी ते केव्हाच सोडून दिले होते. हेल्परने जॅकेटची कॉलर धरून मला मागे खेचलं. खुंटी थरात पूर्ण दबली होती, लाल रिबनचं बोटभर टोक तेवढं वर दिसत होतं, आणि मार्करचं झाकण अजून माझ्या दातांत होतं. ऑपरेटर खाली उतरला तेव्हा त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते. त्याने मला उभा असताना पाहिलं होतं. वाकल्यावर मी त्याच्या लेखी तिथे नव्हतोच.

तेव्हापासून मी पाळतो ती पद्धत अशी.

यंत्राच्या पूर्ण पोचेपलीकडे थांबायचं. पोकलेन असेल तर मी १५ मीटरच्या आत विचारल्याशिवाय जात नाही. ऑपरेटरला दिसेल अशा जागी, म्हणजे समोरून थोडं त्याच्या केबिनच्या बाजूला उभं राहायचं. वॉकीटॉकीवर किंवा हाताने खूण करून त्याचं लक्ष वेधायचं आणि त्याची नजर मिळेपर्यंत एकही पाऊल टाकायचं नाही. मग सांगायचं, “दादा, बकेट खाली टेकवा, मला दोन मिनिटं लेव्हल घ्यायचीय.” बकेट जमिनीला टेकली, सेफ्टी लिव्हर लागला, ऑपरेटरने कंट्रोलवरचे हात उचलून दाखवले, की मग आत जायचं. हा लिव्हर हायड्रॉलिक तोडतो, त्यामुळे चुकून कोपर लागलं तरी बूम हलत नाही. डंपर असेल तर पार्किंग ब्रेक. काम झाल्यावर त्याच वाटेने परत यायचं, बाहेर उभं राहून पुन्हा नजर मिळवायची आणि मगच ‘चालू करा’ची खूण द्यायची. अनेक लोक येताना सगळं नीट करतात आणि जाताना पाठ फिरवून निघून जातात. ऑपरेटर बिचारा अंदाजाने यंत्र चालू करतो.

खूण देणारा माणूस एकच असू द्या. दोघांनी दोन खुणा केल्या की ऑपरेटर सोयीची खूण पाळतो.

डोझरच्या किंवा ग्रेडरच्या पात्यावर लावलेली जीपीएस तपासायची असेल, पात्याची धार किती झिजली हे टेपने मोजायचं असेल, तर नुसता लिव्हर पुरत नाही. पातं जमिनीवर, इंजिन बंद आणि किल्ली तुमच्या खिशात. उचललेल्या पात्याखाली हात किंवा टेप काहीच घालायचं नाही.

पायरी ५: पाय चालत असतील तर डोळे वर

रोव्हर घेऊन खुंटी शोधताना काय होतं ते आठवून बघा. स्क्रीन सांगते, उत्तरेला ०.८२, पूर्वेला ०.३५. तुम्ही बाणाकडे बघत सरकता. ०.४०. ०.१५. अजून थोडं मागे. अंतर कमी होत जातं तसं लक्ष जास्त ओढलं जातं आणि पाय आपोआप मागे जातात. मागे भरावाची कड असते, किंवा दुभाजकाची फट, किंवा डंपरची वाट. स्क्रीनला यातलं काहीच माहीत नसतं.

यावर उपाय साधा आहे. पाय चालत असतील तर डोळे वर. डोळे स्क्रीनवर असतील तर पाय थांबलेले. लांब अंतर एका दमात चालायचं, समोरची एखादी खूण धरून, आणि शेवटच्या मीटरभरात थांबून-थांबून आकडे बघायचे. उलटं चालायचं नाही, वळून चालायचं. सवय लागायला आठवडा जातो.

वाकण्याआधी उभं राहून पूर्ण गोल नजर फिरवा. वाकल्यावर तुमची उंची निम्मी होते आणि ढिगाऱ्याआड, बकेटआड, गाडीच्या बॉनेटआड तुम्ही सहज दिसेनासे होता. म्हणून खुंटी ठोकताना जोडीदार उभाच असावा, शक्यतो उंच पोल धरून. एकटेच असाल तर पोल किंवा झेंडा शेजारी रोवा आणि दर पाच-सहा ठोक्यांनी उठा.

पायरी ६: वाहत्या रस्त्यावर

आधी थांबण्याच्या अंतराचा हिशेब. ताशी ८० किलोमीटरने चाललेल्या चालकाला तुम्ही दिसलात, ते कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात ३३ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण जवळजवळ ७० मीटर, आणि हे सगळं त्याचं लक्ष रस्त्यावर असताना. पाऊस पडलेला असेल किंवा भरलेला ट्रक असेल तर आणखी. वळणापुढे किंवा चढाच्या माथ्यापलीकडे तुम्ही ३० मीटरवर उभे असाल, तर चालकाची इच्छा असूनही तो तुमच्यापाशी थांबू शकत नाही. अशा जागी सूचना तुमच्यापाशी लावून उपयोग नाही. ती वळणाच्या आधी, माथ्याच्या अलीकडे लागली पाहिजे.

लेन बंद करून, कोनांची तिरकी रांग लावून रहदारी वळवायची असेल तर तो आराखडा रस्त्याच्या वेगानुसार, स्थानिक नियमांप्रमाणे आणि परवानगीने होतो. ते प्रशिक्षित लोकांचं काम आहे. ‘दोनच रीडिंग आहेत’ म्हणून स्वतः चार कोन मांडून लेन अडवणारे मी पाहिलेत. चार कोनांनी गाडी अडत नाही, फक्त चालक गोंधळतो. तुमचं काम हे की व्यवस्था लागलेली आहे याची खात्री केल्याशिवाय आत जायचं नाही, आणि गेल्यावर तिच्या आतच राहायचं. कोनांची रांग आणि कामाची जागा यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडलेली असते, ती चुकून आत घुसलेल्या गाडीला थांबायला असते. तिथे ट्रायपॉड, पेट्या किंवा चहाची किटली मांडून बसायचं नाही.

कामाच्या गाडीची आड घ्यायची तर ती रहदारी येते त्या बाजूला, दिवा चालू ठेवून लावा. चाकं तुमच्यापासून दूर वळवलेली. आत कुणीही बसायचं नाही. आणि तिला खेटून उभं राहायचं नाही, कारण मागून धडक बसली तर ती उभी गाडीच पुढे सरकून तुमच्यावर येईल.

लुकआउट, म्हणजे फक्त रहदारीकडे बघणारा माणूस, हा या पायरीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे आणि नेमका तोच सगळ्यात आधी दुसऱ्या कामाला लावला जातो. ‘जरा टेप धर’, ‘जरा हा आकडा लिही’. टेप धरली की तो लुकआउट राहिला नाही. त्याच्या हातात शिट्टी किंवा हॉर्न असावा आणि त्याने कुठे उभं राहायचं हे गाडीच्या वेगावरून ठरवावं. उदाहरणार्थ, तुम्हाला यंत्र सोडून बाजूला जायला चार सेकंद लागत असतील, तर ताशी ८० च्या रस्त्यावर गाडी तेवढ्यात सुमारे ९० मीटर येते. इशारा मिळून तो कळायलाही वेळ जातो. म्हणजे त्याला किमान दीडशे मीटरवरची गाडी स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तुम्ही तिथे लुकआउटच्या भरवशावर काम करू शकत नाही, लेन बंद करून घ्यावी लागेल. कामाला लागण्याआधी एकदा खोटा इशारा देऊन बघा, किती सेकंदांत सगळे बाहेर पडतात ते मोजा. आणि अर्ध्या तासाने माणूस बदला, सलग बघत राहिलं की नजर थकते.

स्वतः उभं राहताना तोंड रहदारीकडे. ट्रायपॉडच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं याला पर्याय असतो, तेव्हा येणाऱ्या गाड्या दिसतील ती बाजू घ्या, बॅकसाइट (यंत्राची दिशा पक्की करायला बघायचा ज्ञात बिंदू) त्याप्रमाणे ठेवा. रोबोटिक टोटल स्टेशन असेल तर तुम्ही यंत्रापासून सुटता, पण मग एकटे असता. वाहत्या रस्त्यावर ‘एका माणसाचं काम’ असं काही नसतं. यंत्र एका माणसाने चालतं, नजर ठेवायला दुसरा लागतोच.

गाडी यंत्राच्या दिशेने आली तर यंत्र जाऊ द्या. हे आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी हात आपोआप ट्रायपॉडकडे जातो. यंत्र पुन्हा मिळतं.

पायरी ७: डोक्यावर आणि पायाखाली

कार्बन फायबरचा पोल हलका आणि छान असतो, आणि वीज वाहून नेतो. ॲल्युमिनियमचा स्टाफ, म्हणजे उंची मोजायची आकड्यांची पट्टी, तीही तशीच. फायबरग्लास कोरडा असताना बरा, ओला झाला की त्याचाही भरवसा नाही. उच्च दाबाच्या तारेला टेकावंही लागत नाही, पुरेसं जवळ गेलं की वीज हवेतून उडी मारते. तारेपासून पोलच्या टोकाचं अंतर कमीत कमी ३ मीटर, आणि दाब जास्त असेल तसं आणखी. किती ते वीज कंपनीलाच विचारा. तार उन्हात आणि भार वाढल्यावर खाली येते, त्यामुळे सकाळचं अंतर दुपारी तेवढंच नसतं. तारेची उंची टोटल स्टेशनने खालून, तारेला हात न लावता काढता येते. पोल उंच करून चालू नका.

चरात उतरून लेव्हल घेऊ नका, आधार नसलेल्या चरात तर कधीच नाही. एक घनमीटर माती दीड टनाहून जास्त भरते. गुडघ्यापर्यंत माती ढासळली तरी माणूस हलू शकत नाही. वरून स्टाफ सोडा किंवा प्रिझमशिवाय घ्या, आणि काठापासून लांब उभं राहून. उघड्या चेंबरची पातळीही वरूनच. आत वाकून वास घेऊन बघू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की वासच येईनासा होतो.

पायरी ८: ‘थांबा’ म्हणायला शिका

नव्या माणसाला हे सगळ्यात अवघड जातं. ऑपरेटर वयाने मोठा, फोरमन घाईत, सगळी साइट तुमच्या एका लेव्हलसाठी खोळंबलेली. ‘अरे, पटकन घे की, तो काही बकेट फिरवत नाही.’ अशा वेळी भांडायची गरज नाही. वाक्य पाठ करून ठेवा: “साहेब, यंत्र थांबलं की मी दोन मिनिटांत घेतो.” आणि तिथेच उभे राहा. दोन मिनिटं म्हणालात तर दोनच मिनिटांत घ्या. शब्द पाळणाऱ्या सर्व्हेअरसाठी पुढच्या वेळी ऑपरेटर स्वतःहून बकेट टेकवतो.

थोडक्यात वाचलात तर त्याच दिवशी लिहून द्या, कुठे, किती वाजता, काय झालं. स्वतःची चूक असली तरी. माझ्या त्या रोलरच्या प्रसंगाची नोंद हेल्परच्या आग्रहाने झाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या थरावर लेव्हल घेताना रोलर बंद ठेवायचं ठरलं.

दिवसाचा शेवटचा बिंदू जपून घ्या. उजेड कमी झालेला असतो, ऑपरेटरलाही घरी जायचं असतं, आणि ‘एवढा एक झाला की संपलं’ म्हणून लोक सकाळी पाळलेलं सगळं सोडतात. तो बिंदू उद्या सकाळी घेतला तरी चालतो.

पायरी ९: गुंडाळताना

कोन आणि फलक लावले असतील तर ते लावले त्याच्या उलट क्रमाने काढायचे. लावताना गाड्या येतात त्या टोकापासून, सगळ्यात लांबच्या सूचनेपासून सुरुवात होते. काढताना कामाच्या जागेपासून सुरुवात करून, येणाऱ्या रहदारीकडे तोंड ठेवून सगळ्यात लांबच्या सूचनेकडे जायचं, म्हणजे शेवटच्या कोनापर्यंत चालकाला पुढची सूचना मिळत राहते. पहिली लावलेली सूचना शेवटी निघते. तोवर जॅकेट अंगावरच, लुकआउट जागेवरच. सामान रस्त्याच्या बाहेरच्या बाजूच्या दरवाजातून गाडीत ठेवा. खुंट्या, खिळे, प्रिझम मोजून घ्या, म्हणजे अर्ध्या वाटेतून अंधारात परत यावं लागत नाही. जाताना ऑपरेटरला आणि फोरमनला सांगून निघा, “आमची माणसं बाहेर आहेत.” मग गाडीभोवती एक फेरी मारा, खाली वाकून चाकांपाशी बघा, आणि चालू करा.